अळणी घरातली मिठाची बरणी

मी मिठाची बरणी बोलतेय. वर तपकिरी, खाली पांढरी, पोटाला गोल, चिनीमातीची. माझ्या बोलण्यात रडू-हसू शोधायला जाल तर हाती काही लागायचं नाही. जे काय तापायचं ते मी भट्टीत एकदाच तापून घेतलं. त्यानंतर आजतागायत गारच आहे. भर उन्हाळ्यात हात लावून बघा, तरी गार. पोटातलं मीठही तसंच, ना नासत, ना आंबत. तरी एक गोष्ट माझ्या तळाला बसून राहिली आहे. ती सांगते आणि मोकळी होते.

माझा कारखाना कुठला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते पौडच्या बाजारातलं गोणपाट. बरोबरच्या मोठ्या बरण्या लोणच्यासाठी भराभर गेल्या. मी मधल्या मापाची, लोणच्याला लहान आणि तुपाला मोठी, म्हणून मागे राहिले. शेवटी एका बाईनं मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, आवाज खणखणीत आला, आणि मी तिच्या पिशवीतून तिच्या घरी आले. ती बाबालाल टेलरची आई. बाबालाल तेव्हा टेलर नव्हता. त्याला नुकती मिसरूड फुटत होती आणि तो काजं-बटणं शिकत होता.

त्या घरात मला चुलीच्या उजव्या अंगाला जागा मिळाली. मुळशीची हवा ओली, मिठाला पाणी सुटतं, म्हणून मला उबेला ठेवायचे. पुढे चूल गेली, ओटा आला, गॅस आला. माझं मूळ झाकण एका ईदच्या गडबडीत फुटलं आणि माझ्या डोक्यावर स्टीलची ताटली बसली. जागा मात्र उजव्या हाताचीच राहिली.

या घराची एक रीत होती, बाबालालच्या वडिलांपासूनची. ताटावर बसलं की बिस्मिल्ला म्हणायचं, चिमूटभर खडे मीठ जिभेवर ठेवायचं आणि मगच पहिला घास घ्यायचा. इतर घरांत असं करतात की नाही, मला माहीत नाही. इथे मला रोज दोन वेळा ताटाशेजारी नेऊन ठेवत. कढया, पातेली ओट्यावरच राहायची आणि पंगतीला बसायचा मान माझा. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

गुलशन सून होऊन आली तेव्हा सासूनं तिला एकच सांगितलं, "मापं इचारू नको. हात घाल आन शीक." गुलशन शिकली, आणि अशी शिकली की तिचा हात माझ्यात न बघता यायचा आणि नेमकं हवं तेवढंच घेऊन जायचा. घरात जे असेल त्यावर ती स्वयंपाक रेटायची. चिंच संपली तर आमसूल, आमसूल नसलं तर कैरी, कैरीचे दिवस नसले तर दोन टोमॅटो. उन्हाळ्यात डोंगरावरची कच्ची करवंदं आली की ती ठेचून मसुराच्या आमटीत टाकायची, आणि शेजारीपाजारी वाट्या घेऊन यायचे.

खाणारेही सगळे एका जिभेचे नव्हते. बाबालालला रस्सा पातळ लागायचा, मुलगा फारूकला झणझणीत. सून सायमा पुण्यातली, हिंजवडीत कंपनीत जाणारी, तिला तिखट सोसत नसे. गुलशन एकाच पातेल्यातून सगळ्यांची सोय लावायची. तिखट पडायच्या आधी सायमाची वाटी बाजूला निघायची, मग बाबालालची, आणि तळाला उरलेल्यावर लसूण-मिरचीची फोडणी देऊन ती फारूकची. कुणी कृती विचारली की ती हात झटकायची. "कृती कसली? खानारा बगायचा आन फडताळ बगायचं."

मागच्या वर्षी थंडी सरता सरता बाबालालचे पाय सुजले. आधी चपला होईनात, मग शिलाई मशीनचं पायडल मारताना धाप लागायला लागली. फारूक त्याला दवाखान्यात घेऊन गेला, गुलशनही गेली. परत आल्यावर ती ओट्याशी उभी राहून सायमाला सांगत होती, म्हणून मलाही कळलं. हृदय दमलंय, अंगात पाणी साठतंय. गोळ्या दिल्यात. आणि मीठ बंद.

त्याच दिवशी पापड गेले, लोणचं शेजारी गेलं, सुकट आणि बोंबील दोघंही हद्दपार झाले. फारूक आणि सायमाला वरून घ्यायला बारीक मिठाची एक प्लास्टिकची डबी आली. आता आपली रवानगी माळ्यावर, असं मी धरून चालले. गुलशननं मला उचललंही.

"पातेल्यात न्हाई घालायचं," ती म्हणाली. "पन बिस्मिल्लाची चिमूट कशी बंद करायची? त्यांच्या अब्बांपासून चालत आलीय. ती काय जेवनात धरायची व्हय?"

"चिमटीनं काय होतंय, अम्मी," फारूक म्हणाला. "राहू दे."

आणि मी राहिले. घरातलं सगळं मीठ डोळ्यांत तेल घालून हुडकून काढलं त्यांनी, फक्त मला हुडकलं नाही. मी रोज दोन वेळा बाबालालच्या ताटाशेजारी बसत होते, आणि चार माणसांपैकी एकालाही मी मिठाची बरणी दिसत नव्हते. त्यांना ती रीत दिसत होती.

पहिल्या दिवशीचं जेवण मला आठवतं. दोडक्याची भाजी, आमटी, भाकरी, सगळं अळणी. बाबालालनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "माती खाल्ल्यागत लागतंय," तो म्हणाला. तो काही रागावला नव्हता, जे लागलं ते बोलला. गुलशननं ताट उचललं आणि त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही. बाबालालनं ते पाहिलं. त्यानंतर तसं तो पुन्हा कधीच बोलला नाही.

गुलशननं मात्र पदर खोचला. आयुष्यभर ती एकेका वस्तूची जागा दुसरीनं भरत आली होती, मिठाची का नाही भरता येणार? तिनं तीळ जास्त भाजून पाहिले, कमी भाजून पाहिले. दोडक्यात ओलं खोबरं घातलं. भरताचं वांगं पार कोळसा होईस्तोवर भाजलं आणि वरून लिंबू पिळलं. मटणाच्या रश्शात लसूण दुप्पट केला, खसखस वाढवली, शेवटी अंबाडीच्या पाल्यात मटण शिजवलं, कारण आंबट असलं की जीभ मीठ मागायला विसरते असं तिच्या लक्षात आलं होतं. ओट्यावर रोज काहीतरी नवं चाललेलं असायचं आणि मी कडेला बसून बघत असायचे. माझी जागा इतरांना देण्याचा तो खटाटोप होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला कशाचंच काही वाटत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं आहे.

ताट वाढून झालं की ती समोर उभी राहायची. पहिला घास बाबालालच्या तोंडात गेला की विचारायची, "जमलंय न्हवं?"

"जमलंय," बाबालाल म्हणायचा.

तिचं तोंड असं खुलायचं की बस. मग ती भाकरी आणायला आत वळायची.

आता मी जे बघितलं ते सांगते. पहिला महिनाभर चिमूट चिमटीएवढीच होती. मग ती दोन बोटांवरून तीन बोटांवर आली. मग गुलशनची पाठ वळली की पाचही बोटं माझ्यात बुडायची आणि मुठीतले खडे आमटीत विरघळायचे. बाबालाल बोटानं घाईघाईनं ढवळायचा आणि गुलशन भाकरी घेऊन येईपर्यंत साळसूदपणे जेवत असायचा. "आज तर लईच जमलंय," तो म्हणायचा. त्या वेळी मात्र तो खरं बोलत असायचा.

त्याला मीठ हवं होतं की तिचं ते खुललेलं तोंड हवं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. गिऱ्हाइकाचा ब्लाउज बिघडला तर रात्रंदिवस हळहळणारा माणूस तो. बायकोला रोज दोनदा फसवताना त्याला काय होत होतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

गुलशनही तेच अळणी जेवण खायची, त्याच पातेल्यातलं. त्याला नाही तर मलाही नको म्हणून. तिला ते बेचव लागायचं. एकदा ती सायमाला म्हणालीही, "मला काय लागत न्हाई बग चव. ह्यांना तर ग्वाड लागतंय. माजीच जीभ मेली असंल." स्वतःच्या जिभेपेक्षा तिनं नवऱ्याच्या जिभेवर जास्त विश्वास ठेवला.

महिना सरला की माझा तळ दिसायचा आणि गुलशन खडे मिठाचा नवा पुडा फोडून मला भरायची. वर्षानुवर्षं दर महिन्याला भरत आली होती, तसंच. स्वयंपाकात चिमूटभरही मीठ जात नसताना ही बरणी रिकामी कशी होते, हा प्रश्न तिच्या हाताला पडला नाही, आणि डोकं त्या वेळी तिळात आणि अंबाडीत गुंतलेलं होतं.

सूज उतरायची आणि पुन्हा चढायची. डॉक्टर बुचकळ्यात पडायचे. एकदा दवाखान्यातून आल्यावर गुलशन लाल झाली होती. "मला इचारतो, 'जेवणात मीठ नाही ना? नक्की?' आता कुरानावर हात ठिवून सांगू का काय?" बाबालाल खुर्चीत बसून पायांकडे बघत होता. त्याच संध्याकाळी मी पुन्हा त्याच्या ताटाशेजारी होते.

पुढच्या थंडीत बाबालाल गेला. मिठानंच गेला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. हृदय आधीच दमलेलं होतं, वय होतं, थंडी होती. पण माझ्यातून काय काय गेलं, ते मला माहीत आहे.

गुलशन रडली नाही. माणसं आली, गेली, चाळिसावा झाला. इद्दत चालू झाली होती, चार महिने दहा दिवस तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. ती उठायची, स्वयंपाक करायची, अळणीच करायची. सायमा हळूच म्हणाली, "अम्मी, आता घाला ना मीठ." गुलशननं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जेवायची, ताट धुवायची, खिडकीशी बसायची. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच. मी आजवर स्वतःला गार समजत होते. त्या तीन महिन्यांत मला गुलशनचा हात लागायचा, तेव्हा माझ्यापेक्षा तोच गार असायचा.

तिच्यात जरा धुगधुगी आली ती रत्नाबाईमुळे. रत्नाबाई नांदे गावच्या. जमीन बरीचशी गेली, उरलेल्यावर खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. लग्नापासून त्यांची चोळी बाबालालच शिवायचा, म्हणून येणं-जाणं. त्यांच्या नवऱ्याला, भैरूला, डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं होतं, मीठ बंद. रत्नाबाई आल्या त्या डोळे पुसतच.

"भाभी, ह्ये ताट ढकलत्यात वो. दोन दिस झालं, चहावर हायेत. काय घालू त्यात?"

गुलशन किती दिवसांनी सरळ बसली. "अंबाडी हाय का घरी? न्हाई? मग चुका घ्या. त्यो बी न्हाई तर ताक आंबवा चांगलं. तुमच्या फडताळात काय हाय त्ये सांगा, मी बगते." तिनं एकेक सांगितलं, सायमानं फोनवर टिपून घेतलं. शेवटी गुलशन म्हणाली, "आमच्यांनी वरीसभर खाल्लं. येक दिस नाव ठिवलं न्हाई." नवरा गेल्यावर तिच्याजवळ शिल्लक राहिलेली एकच अभिमानाची गोष्ट होती ती.

मी ओट्यावर होते. मला तोंड आहे, पण ते फक्त मीठ काढायला.

पंधरा दिवसांनी एका रविवारी सायमा वाणसामानाची यादी करत होती. तिनं माझ्यावरची ताटली उचलली आणि म्हणाली, "अम्मी, खडे मीठ नको ना या वेळी? बरणी भरलेलीच आहे."

"नगं."

"नवलच आहे," सायमा लिहिता लिहिता म्हणाली. "आधी दर महिन्याला पुडा आणायचो. अब्बा गेल्यापासून तीन महिने झाले, एकदाही आणला नाही. फारूक तर अजून घेतोच चिमूट..."

बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोललो, ते तिला गुलशनकडे बघून कळलं.

गुलशन उठून ओट्याशी आली. तिनं माझ्यात पाहिलं. हात घातला, चिमूट उचलली, बघितली, परत टाकली. मग पाच बोटांची मूठ भरली. तीही बघितली, परत टाकली. तिनं फारूकला हाक मारली आणि विचारलं, "अब्बाच्या ताटाशी कुनाचं ध्यान असायचं?" फारूकला काही समजेना. "तुमचंच की, अम्मी," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "पन मी भाकरी आनायला वळायची."

तिनं मला आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ताटली नीट झाकली आणि ती खिडकीशी जाऊन बसली. ना रडणं, ना ओरडणं. चार दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही.

पाचव्या दिवशी रत्नाबाईंचा फोन आला. गुलशनला बारीक ऐकू येत नाही, म्हणून सायमानं आवाज मोठा केला.

"भाभी! ऐकलं का? काल चुक्याची भाजी केली, तुमी सांगितली तश्शी. बोटं चाटली वो ह्यांनी! म्हनत्यात, आता मीठ कशाला पायजे? तुमच्या हाताचा गुन लागला बगा मला!"

मला गुलशनचं तोंड दिसत होतं. 'बरं झालं' एवढं म्हणून तिला फोन ठेवता आला असता. पौड ते नांदे, कुणाला काय कळणार होतं? बोलली असती तर बाबालालनं वर्षभर केलेली सगळी वाहवा तिला स्वतःच्या तोंडानं खोटी म्हणावी लागणार होती, आणि तिचं तिळाचं, अंबाडीचं, करवंदांचं सगळं कसब त्याबरोबर जाणार होतं. लोक म्हणाले असते, डोळ्यांदेखत नवऱ्याला मीठ खाऊ दिलं. सायमा फोन धरून उभी होती.

"रत्नाबाई," गुलशन म्हणाली, "त्यो खोटं बोलतोय."

"आँ?"

"चुक्याची भाजी अळणी बेचवच लागती. मी वरीसभर खाल्लीय, मला ठावं हाय. आमच्यांनी बी बोटं चाटली. चोरून मीठ खात हुते. मीच म्होरं बरणी ठिवायची. तुमी फोन तसाच ठिवा आन आदी मिठाचा डबा बगून या."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. कोंबडी ओरडली. मग रत्नाबाई परत आल्या, आणि त्यांचा मघाचा आवाज राहिला नव्हता.

"भाभी, सोमवारी भरला हुता म्या. निम्मा हाय."

"त्याला बोलू नगा," गुलशन लगेच म्हणाली. इतक्या भरभर बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "डबा उचला, भाडेकऱ्याच्या खोलीत ठिवा. आन जेवताना जवळ बसा. जमलंय का म्हनून इचारू नगा. मी रोज त्येच इचारायची. मानूस व्हय म्हनतो वो, काय करनार? बेचव लागतंय का, आसं इचारा. व्हय म्हनला तर तुमी बी व्हय म्हना. म्हनावं, मला बी लागतंय. दोगं मिळून खावा."

"आन चव?"

"चव येत न्हाई. खोटं कशाला सांगू? मानूस जगतो, येवढंच."

फोन ठेवल्यावर ती सायमाला म्हणाली, "त्या फोनात तू लिवलंयस न्हवं सगळं? त्यात वरती घाल. ह्ये बेचव लागतं म्हनून घाल. मग बाकीचं ऱ्हाऊ दे."

सायमानं घातलं. माझ्या देखत घातलं.

त्या संध्याकाळी गुलशननं मसुराच्या आमटीत मीठ टाकलं, सव्वा वर्षानंतर पहिल्यांदा. हात माझ्यात न बघता आला, पण पूर्वीचा अंदाज त्या हातात राहिला नव्हता. ताटं वाढली. फारूकनं एक घास घेतला. त्याचा चेहरा वाकडा होऊ घातला होता, तो त्यानं सावरला.

"छान झालीय, अम्मी," तो म्हणाला.

गुलशननं घास खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. फारूकनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "खारट झालीय. लई खारट."

"व्हय," ती म्हणाली. "खारट झालीय." आणि उठून तिनं सगळ्यांच्या वाट्या परत पातेल्यात ओतल्या, वर तांब्याभर पाणी घातलं आणि पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं.

मी अजून ओट्यावरच आहे, अर्धी भरलेली. गुलशन अजून रडलेली नाही. मीही रडणार नाही. पाणी लागलं तर माझं मीठच वाया जायचं. एवढीच विनंती करते, कुणाच्या घरी असं पथ्याचं पान मांडलं जात असेल, तर खाणाऱ्यानं वाढणारीचं तोंड बघून 'जमलंय' म्हणू नये. ती दोन दिवस उपाशी राहील, तिसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी करून बघेल. बाबालालला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. त्याच्या सगळ्यात जवळ मी होते.